जागेचा मूळ मालक : आग्नेय आशियातील भुतेखेते आणि वाचकांचे प्रश्न

पोळ्याच्या अंकात आग्नेय आशियातील भुताखेतांच्या समजुतींवर एक छोटे टिपण छापले होते. त्यावर नागपुरातून इतकी पत्रे आली की या वेळचे प्रश्नोत्तराचे पान त्याच विषयासाठी राखून ठेवावे लागले. पत्रे संक्षेपाने दिली आहेत आणि प्रथेप्रमाणे नावे गाळून केवळ वस्तीचा उल्लेख ठेवला आहे.

मनीषनगर येथील वाचिका : माझा मुलगा बँकॉकला नोकरीस आहे. त्याच्या कार्यालयाच्या आवारात एका खांबावर हातभर उंचीचे सोनेरी देऊळ आहे आणि त्यापुढे रोज लाल सरबताच्या बाटल्या स्ट्रॉ घालून ठेवलेल्या असतात, असे तो सांगतो. हा देव कोणता? जाता-येता त्याने हात जोडले तर चालेल का?

उत्तर : ताई, तुमच्या मुलाने पाहिले ते भूमीच्या रखवालदाराचे घर आहे. थायलंडमध्ये त्याला ‘सान फ्रा फूम’ म्हणतात. कोणत्याही जमिनीवर माणसाच्या आधीपासून कोणीतरी राहत असते, आपण इमारत बांधली की ते बेघर होते, म्हणून आपल्या घराबरोबर त्याचीही सोय लावून द्यावी, अशी त्यामागची समजूत आहे. आपल्याकडे वास्तुशांतीच्या वेळी आग्नेय कोपऱ्यात वास्तुपुरुषाची प्रतिमा पुरतात आणि सणावाराला तिथे नैवेद्य दाखवतात, त्याच्या जवळपास जाणारी ही रीत आहे. फरक एवढाच की आपण त्याला जमिनीखाली ठेवतो आणि थाई लोक त्याला खांबावर स्वतंत्र बंगला बांधून देतात.

या घराची जागा वाटेल तशी निवडत नाहीत. मुख्य इमारतीची सावली त्यावर पडू नये, हा सर्वांत कटाक्षाने पाळला जाणारा नियम आहे, आणि बँकॉकच्या दाटीवाटीत तो पाळणे इतके कठीण झाले आहे की कित्येक उंच इमारतींनी ही घरे थेट गच्चीवर नेऊन ठेवली आहेत. स्थापना मुहूर्त पाहून होते आणि ती करायला पांढऱ्या वस्त्रांतला विधिकर्ता ब्राह्मण येतो. बौद्धबहुल देशात ब्राह्मण कुठून आला, असे वाटेल. पण थाई राजदरबारात ब्राह्मण पुरोहितांची परंपरा जुनी आहे आणि त्यांचे ‘देवस्थान’ नावाचे मंदिर बँकॉकमध्ये १७८४ पासून उभे आहे. घराच्या आत एक लहान मूर्ती असते, बहुधा तिच्या हातात तलवार असते. समोर नाचणाऱ्या मुली, हत्ती, घोडे, नोकरचाकर यांच्या बोटभर बाहुल्या मांडलेल्या असतात आणि अलीकडे खेळण्यातली मोटारही दिसते, कारण मालकाला ये-जा करायला वाहन हवेच. शेजारी चार खांबांवर थोडे खाली दुसरे घर असेल, तर ते आजी-आजोबांचे, म्हणजे त्या जागेवरच्या जुन्या वडीलधाऱ्यांचे समजावे.

लाल सरबताबद्दल थाई लोकांतही एकमत नाही. पूर्वी रक्ताचा बळी दिला जाई, त्याची जागा लाल रंगाने घेतली, असे काही जण सांगतात. लाल रंग शुभ आणि देवांना गोड आवडते, एवढ्यावर बाकीचे समाधान मानतात. स्ट्रॉ मात्र सगळेच न चुकता घालतात. पाहुण्याला झाकण लावलेली बाटली देऊन कसे चालेल? घर जुने झाले, मोडले, तर ते कचऱ्यात टाकत नाहीत, विहाराच्या आवारात किंवा मोठ्या झाडाच्या बुंध्याशी नेऊन ठेवतात. आपल्या शहरात पिंपळाच्या पारावर देवांच्या फुटक्या तसबिरी साठलेल्या दिसतात, तोच हा संकोच आहे.

या श्रद्धेचे सर्वांत प्रसिद्ध ठिकाण म्हणजे बँकॉकच्या राचप्रसोंग चौकातील एरावन मंदिर. तेथे हॉटेलचे बांधकाम चालू असताना एकामागून एक विघ्ने आली, मजूर जखमी झाले, तेव्हा ज्योतिषाच्या सल्ल्याने १९५६ मध्ये चतुर्मुख ब्रह्मदेवाची स्थापना करण्यात आली. आपल्याकडे ब्रह्मदेवाला पुष्करसारखी मोजकी देवळे सोडली तर कोणी विचारत नाही. तिथे मात्र नवस फेडण्यासाठी त्याच्यापुढे नर्तकींचे नाच ठेवले जातात आणि रांग हटत नाही. याच मंदिरात मार्च २००६ मध्ये एका मनोरुग्णाने हातोड्याने मूर्ती फोडली आणि चिडलेल्या लोकांनी त्याला तिथेच जिवे मारले. मूर्ती दोन महिन्यांत नवी बसली. हा प्रसंग मी मुद्दाम सांगतो आहे, शेवटच्या पत्राच्या उत्तरात तो उपयोगी पडेल.

मुलाने हात जोडायला काहीच हरकत नाही, त्याचे थाई सहकारीही येता-जाता जोडतच असतील. न जोडले तरी कोणी रागावणार नाही. फक्त तहान लागली म्हणून ती बाटली उचलू नये, एवढे त्याला आवर्जून कळवा.

इंदोरा येथील वाचक : दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. मग ब्रह्मदेश, थायलंड, कंबोडिया हे बौद्ध देश असूनही तेथे भुतांना भात कसा घातला जातो? त्यांचे चुकते की आमचे?

उत्तर : आपला प्रश्न या पानावरचा सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि त्याला एका ओळीत उत्तर देणे अप्रामाणिकपणाचे होईल.

प्रथम तेथे नेमके काय होते ते पाहू. कंबोडियात ‘प्चुम बेन’ नावाचा पंधरा दिवसांचा पितरांचा काळ असतो आणि तो भाद्रपदाच्या कृष्णपक्षात, म्हणजे आपल्या पितृपक्षाच्याच दिवसांत येतो. या पंधरवड्यात नरकाची दारे उघडतात आणि भुकेली प्रेते, म्हणजे अतृप्त आत्मे, आपल्या नातलगांना शोधत विहारांकडे येतात, असे मानतात. या प्रेतांची तोंडे सुईच्या नेढ्याएवढी असतात आणि त्यांना उजेड सोसत नाही, म्हणून लोक पहाटे चार वाजता, अंधार असतानाच विहारात जमतात, हातात मेणबत्ती किंवा उदबत्ती घेऊन प्रदक्षिणा घालतात आणि चिकट तांदळाचे, तीळ घातलेले गोळे आवारात फेकतात. सात विहारांत शोधूनही आपल्या माणसांनी ठेवलेले अन्न मिळाले नाही, तर पितर शाप देतात, असा धाक आहे. उजाडल्यावर भिक्खूंना जेवण दिले जाते आणि त्याचे पुण्य मृतांना अर्पण केले जाते. १९७५ ते १९७९ या ख्मेर रूज नावाच्या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत तेथे पंधरा ते वीस लाख माणसे मेली आणि त्यांतल्या बहुतेकांचे कोणतेही अंत्यविधी झाले नाहीत. ज्या घरातले चार जण कुठल्या खड्ड्यात पडले हे ठाऊक नाही, त्या घराला पहाटेचा हा भाताचा गोळा काय वाटत असेल, याचा विचार केल्यावाचून या प्रथेबद्दल बोलू नये, असे मला वाटते.

ब्रह्मदेशाची गोष्ट निराळी आहे. तेथे ‘नात’ नावाच्या आत्म्यांची पूजा होते आणि हे नात बहुधा अपमृत्यूने गेलेले असतात. अकराव्या शतकात पगानच्या अनोरथ राजाने थेरवाद या जुन्या बौद्ध पंथाचा स्वीकार केल्यावर ही पूजा बंद पाडण्याचा प्रयत्न केला, पण लोक ऐकेनात. तेव्हा त्याने सदतीस नातांची अधिकृत यादी केली आणि त्यांच्या शिरोभागी इंद्राला बसवले, असे परंपरा सांगते. यांतला ‘महागिरी’ हा मुळात तगौंग गावचा बलदंड लोहार. त्याच्या ताकदीला घाबरून राजाने त्याला झाडाला बांधून जिवंत जाळले आणि त्याला वाचवायला धावलेली बहीणही त्याच आगीत गेली. तो आता घराचा राखणदार आहे. ब्रह्मी घरात खांबाला लाल फडक्यात गुंडाळलेला नारळ टांगलेला दिसतो, तो याच्यासाठी. भाजलेल्याला नारळाच्या पाण्याने थंडावा मिळावा म्हणून. नारळ सुकला की बदलतात. राजाने अन्यायाने मारलेल्या माणसाची वेदना शेकडो वर्षे घरोघर अशी जपली जाते, हे मला त्या साऱ्या देवमंडळापेक्षा मोलाचे वाटते.

आता कोणाचे चुकते. थेरवाद त्या देशांत पोहोचला तेव्हा तेथे भूमीचे, झाडांचे, पूर्वजांचे आत्मे मानणारे लोक आधीच राहत होते. धम्माने त्या आत्म्यांना हाकलले नाही, खालच्या पायरीवर जागा दिली, आणि पालि वाङ्मयातल्या ‘पेतवत्थू’सारख्या ग्रंथांतील प्रेतकथांचा त्याला आधार मिळाला. बाबासाहेबांचे काम वेगळे होते. ज्या माणसांना श्राद्धपक्षासकट एका संपूर्ण कर्मकांडाने आणि त्याच्या पुरोहितशाहीने शतकानुशतके खाली दाबले, त्यांना त्यातून एका दिवसात बाहेर काढायचे होते. बाबासाहेब १९५४ मध्ये रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते, म्हणजे बौद्ध देशांचा परिचय नसल्यामुळे त्यांनी या प्रतिज्ञा दिल्या, असे म्हणण्याला जागा नाही. तेव्हा आपण प्रतिज्ञा पाळता त्यात काही उणे नाही आणि कंबोडियातल्या आजीबाई पहाटे भात घेऊन निघतात म्हणून त्या कमी बौद्ध ठरत नाहीत. मात्र कोणी त्या देशांचे उदाहरण देऊन आपल्याला पिंडदानाचा आग्रह करू लागले, तर तो मान्य करण्याचे काडीचेही कारण नाही. भात जमिनीवर फेकण्यापेक्षा भुकेल्याच्या हातात द्यावा, असे म्हणणारे लोक कंबोडियातही आहेत.

महाल येथील वाचक : आमच्या मारबतीसारखे जगात दुसरीकडे काही आहे का? की हे फक्त नागपूरचेच?

उत्तर : तान्ह्या पोळ्याला रोगराई आणि पीडा गावाबाहेर घालवण्यासाठी पुतळा मिरवत नेतात, ती मारबत नागपूरचीच, यात वाद नाही. पण तिची एक लांबची बहीण बाली बेटावर आहे.

बालीतील हिंदू शक संवत्सर मानतात आणि त्यांचा वर्षारंभ ‘न्येपी’ वसंतातल्या अमावास्येनंतर येतो. कालगणनेतल्या फरकामुळे तो कधी आपल्या पाडव्याच्या महिनाभर आधी पडतो, तर कधी अगदी जुळतो. २०२३ मध्ये न्येपी आणि गुढीपाडवा हे दोन्ही २२ मार्चलाच होते. आदल्या दिवशी चौकाचौकांत भूत-काळ नावाच्या उपद्रवी शक्तींना बळी आणि नैवेद्य देतात आणि संध्याकाळी ‘ओगोह-ओगोह’ निघतात. बांबूच्या सांगाड्यावर कागद चढवून वस्तीतल्या तरुणांनी महिनामहिना खपून केलेले हे अक्राळविक्राळ पुतळे असतात, सुळे बाहेर, डोळे बटाट्याएवढे, नखे वितभर. बांबूच्या चौकटीवर ते खांद्यावर घेऊन, ताशांच्या आणि झांजांच्या गजरात मिरवत नेतात आणि चौकात आला की पुतळा गरागरा फिरवतात, म्हणजे भुताला परतीची दिशा उमगू नये. नंतर बहुतेक पुतळे जाळले जातात. पुढाऱ्यांची आणि भ्रष्टाचाराची टर उडवणारे पुतळेही त्यांत असतात, तेव्हा मारबतीबरोबर निघणाऱ्या आमच्या बडग्यांनाही, म्हणजे टर उडवणाऱ्या पुतळ्यांनाही, तिकडे भाऊ आहेत म्हणायचे. पुतळ्यांची ही मिरवणूक आजच्या रूपात १९८० च्या दशकात सर्वदूर पसरली. एकोणिसाव्या शतकापासून निघणारी आपली मारबत वयाने बरीच थोरली आहे.

खरा फरक दुसऱ्या दिवशी कळतो. तान्ह्या पोळ्याला ‘ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत’ अशा आरोळ्या ठोकून इतवारीतून मिरवणूक गेली की नागपूर पुन्हा आपल्या कामाला लागते. बाली मात्र चोवीस तास मिटून घेते. अग्नी पेटवायचा नाही, काम करायचे नाही, घराबाहेर पडायचे नाही, करमणूक करायची नाही, असे चार निर्बंध असतात. डेनपसारचा आंतरराष्ट्रीय विमानतळ त्या दिवशी बंद राहतो, २०१८ पासून मोबाइलचे इंटरनेटही बंद ठेवले जाते आणि ‘पेचालांग’ नावाचे गावरक्षक चौकटीची लुंगी नेसून रस्त्यांवर फिरतात. पर्यटकालाही हॉटेलच्या आवाराबाहेर पाऊल टाकता येत नाही. आकाशातून पाहणाऱ्या भुतांना बेट ओसाड वाटावे आणि त्यांनी पुढे निघून जावे, हे त्यामागचे लोकप्रिय स्पष्टीकरण आहे. धर्मशास्त्र सांगणारे लोक त्याला आत्मचिंतनाचा दिवस म्हणतात. महाल-इतवारीत एक दिवस तरी असे करून पाहावे, असा मोह होतो, पण ती सूचना छापली तर व्यापारी मंडळी आमचीच मारबत काढतील.

मेडिकल चौक परिसरातील परिचर्या विद्यार्थिनी : भुताने नेऊ नये म्हणून थायलंडमध्ये पुरुष रात्री नखांना लाल नेलपॉलिश लावून झोपत असत, असे ऐकले. हे खरे आहे का?

उत्तर : खरे आहे, आणि तुमच्या अभ्यासाच्या दृष्टीने उपयोगाचेही आहे.

ईशान्य थायलंडमध्ये १९९० साली नखे रंगवण्याची अशी लाटच पसरली होती. या भागातले अनेक तरुण सिंगापूरमध्ये मजुरीला जात आणि त्यांतले काही धडधाकट तरुण रात्री झोपेत अचानक मरण पावल्याच्या बातम्या रेडिओवरून येत होत्या. गावात असा निष्कर्ष निघाला की नवऱ्याच्या शोधात फिरणारी विधवांची भुते पुरुषांना नेत आहेत. उपाय दोन प्रकारचे होते. पुरुषांनी नखे रंगवून बायकांसारखे दिसावे, म्हणजे भूत फसेल. आणि दाराबाहेर लाकडी लिंग टांगावे, म्हणजे भुताला हवे ते दारातच मिळेल. गावेच्या गावे अशी सजली होती. थाई भाषेत या मृत्यूला ‘लाई ताई’ म्हणतात, फिलिपिन्समध्ये ‘बांगुंगोत’. लाओसमधून निर्वासित होऊन अमेरिकेत गेलेल्या हमोंग पुरुषांतही हे मृत्यू इतके झाले की तेथील रोगनियंत्रण केंद्राने १९८१ मध्ये त्यांची नोंद प्रसिद्ध केली. छातीवर बसून श्वास कोंडणारा ‘दाब त्सोग’ हा आत्मा त्यांना मारतो आणि परक्या देशात पूर्वजांचे विधी करता न आल्यामुळे संरक्षण उरले नाही, असे हमोंग लोक म्हणत.

पुढे १९९२ मध्ये ब्रुगाडा बंधू या हृदयरोगतज्ज्ञांनी हृदयाच्या विद्युतप्रवाहातील एका दोषाचे वर्णन केले आणि काही वर्षांत थायलंडच्या डॉक्टरांच्या लक्षात आले की लाई ताईतून वाचलेल्यांच्या इसीजीमध्ये तोच आकृतिबंध दिसतो. काही रुग्णांत सोडियमची ये-जा सांभाळणाऱ्या वाहिनीच्या जनुकात बिघाड, आनुवंशिकता, विश्रांतीत किंवा झोपेत अचानक वेंट्रिक्युलर फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांची बेताल थरथर, आणि स्त्रियांपेक्षा पुरुषांत कितीतरी अधिक प्रमाण, असे त्याचे स्वरूप आहे. विजेचा झटका देऊन ठोके ताळ्यावर आणणारा, शरीरात बसवायचा डिफिब्रिलेटर हा त्यावरचा भरवशाचा उपाय ठरला.

आता गावकऱ्यांचे निरीक्षण पुन्हा पाहा. मरणारे पुरुषच होते, तरुणच होते, रात्रीच मरत होते आणि एकाच घरात दोन-दोन मृत्यू होत होते. हे सारे त्यांनी अचूक टिपले होते. चुकले ते कारण. वॉर्डात एखादी बाई ‘आमच्या घरात पुरुष झोपेत जातात, कोणीतरी केलंय’ म्हणून सांगू लागली, तर करणीचा भाग सोडून द्या, पण पहिला भाग केसपेपरवर लिहून घ्या आणि घरातल्या इतर पुरुषांचा इसीजी काढायला डॉक्टरांना सुचवा.

सक्करदरा येथील वाचिका : बाळंतपणात गेलेली बाई अळवंतीण होते, असे माझी आजी म्हणायची. तिकडेही असेच मानतात का?

उत्तर : तंतोतंत. मलेशियात तिला ‘पोंतियानाक’ आणि इंडोनेशियात ‘कुंतिलानाक’ म्हणतात. लांब मोकळे केस, पांढरा झगा, केळीच्या झाडाजवळ वावर आणि येण्याआधी चाफ्याचा वास, ही तिची लक्षणे. मानेत खिळा ठोकला की ती सुंदर, आज्ञाधारक बायको होते आणि खिळा निघाला की पुन्हा भूत होते, ही कथा सर्वत्र सांगतात. ती ऐकताना भुतापेक्षा कथा सांगणाऱ्या पुरुषांबद्दल अधिक कळते, असे माझे मत आहे. बोर्निओ बेटावरील इंडोनेशियाच्या पश्चिम कालिमंतानमध्ये तिच्या नावाचे पोंतियानाक हे मोठे शहर आहे. १७७१ मध्ये ते वसवताना सुलतानाने तोफा डागून तिथली भुते पळवली, अशी आख्यायिका आहे.

बँकॉकमधील ‘माए नाक’ची कथा अधिक हळवी आहे. नवरा लढाईवर गेला असताना ती आणि तिचे मूल बाळंतपणात गेले, आणि तो परतल्यावर तिने जणू काही झालेच नाही अशा रीतीने त्याच्याशी संसार केला. वाट महाबुत विहारातील तिच्या देवळात लोक तिला साड्यांऐवजी थाई पोशाख, प्रसाधने आणि बाळासाठी खेळणी वाहतात. सैन्यभरतीच्या चिठ्ठीत आपले नाव येऊ नये म्हणून तरुण तिला साकडे घालतात, कारण सैन्यानेच तिचा नवरा नेला होता.

बाळंतिणीच्या उशाशी लोखंड ठेवणे आणि तिला शेक देणे या गोष्टीही दोन्हीकडे आहेत. जिथे बाळंतपण म्हणजे स्त्रीचा पुनर्जन्म मानला जाई आणि दर गावात कोणीतरी त्यात दगावलेले असे, तिथे हे भूत निर्माण झाले नसते तरच नवल.

वर्धमाननगर येथील आजी : नातवाला सांभाळणारी बाई फिलिपिन्सची आहे (मुलगा दुबईला असतो). कोणी बाळाचे कौतुक केले की ती बाळाच्या पोटाला थुंकी लावते. हे काय?

उत्तर : आजी, ती दृष्टच काढते आहे. परक्याच्या, विशेषतः दमूनभागून आलेल्या माणसाच्या बोलण्याने बाळाला ताप येतो किंवा पोट दुखते, त्याला तिकडे ‘उसोग’ म्हणतात आणि कौतुक करणाऱ्याचीच थुंकी लावणे हा उतारा मानतात. थायलंडमध्ये तर बाळाला गोंडस म्हणण्याऐवजी मुद्दाम कुरूप म्हणतात आणि बेडूक, डुक्कर अशी टोपणनावे ठेवतात. आपल्याकडच्या दगडू-धोंडूंची कुळकथा हीच आहे. तिला रागावू नका. थुंकीने मात्र जंतुसंसर्ग होतो, तेव्हा ‘आमच्यात काजळाची तीट लावतात’ असे सांगून गालावर बोट टेकवायला शिकवा. काजळ डोळ्यांत मात्र घालू देऊ नका. ताप आला तर डॉक्टरकडे न्यायचे, हे मुलाला स्वतंत्रपणे बजावा.

उमरेड रोड येथील निवृत्त शिक्षक : जादूटोणाविरोधी कायदा असलेल्या राज्यात आपण भुताखेतांवर पाने खर्च करता, हे अंधश्रद्धेला खतपाणी नव्हे काय?

उत्तर : गुरुजी, आपला आक्षेप गंभीर आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर ऑगस्ट २०१३ मध्ये अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपल्या नागपूरच्याच हिवाळी अधिवेशनात हा कायदा संमत झाला, हे आम्ही विसरलेलो नाही. पण तो कायदा वाचला तर त्याचा रोख दिसतो. कोणी भूत मानतो का, याची तो चौकशी करीत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली कोणाला दोराने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, चटके देणे, एखादी व्यक्ती करणी करते असे सांगून तिचे जगणे अवघड करणे, साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणे, असली कृत्ये त्याच्या अनुसूचीत आहेत आणि त्यांना सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे.

मी या पानावर हीच कसोटी लावत आलो आहे : विधीची किंमत कोण मोजतो? बँकॉकच्या खांबावरचे सरबत, ब्रह्मी घरातला नारळ, बालीचा जाळलेला पुतळा यांची किंमत करणाराच मोजतो. याउलट ईशान्य थायलंडमध्ये आतडी खाणारे ‘फी पोप’ नावाचे भूत मानतात आणि ते जिवंत माणसाच्या अंगात राहते, अशी समजूत आहे. गावात दोन-चार अनाकलनीय मृत्यू झाले की कोणाकडे तरी, बहुधा एकट्या बाईकडे किंवा औषधपाणी जाणणाऱ्या माणसाकडे, बोट जाते आणि त्या कुटुंबाला घरदार सोडावे लागते. इंडोनेशियाच्या पूर्व जावातील बान्युवांगी जिल्ह्यात १९९८ मध्ये, तेथील हुकूमशहा सुहार्तो यांची सत्ता कोसळत असतानाच्या गोंधळात, करणी करणारे म्हणून शंभराहून अधिक लोकांना जमावांनी ठार केले. संरक्षणासाठी म्हणून प्रशासनाने अशा संशयितांची यादी मागवली होती आणि ती यादीच मारेकऱ्यांच्या हाती गेली, असा आरोप तेव्हा झाला. मरणाऱ्यांत कुराण शिकवणारे साधे शिक्षकही होते. एरावनच्या मंदिरात ज्याने मूर्ती फोडली, त्याला उपचारांची गरज होती. त्याला मारणारे स्वतःला भक्त म्हणवत होते.

आम्ही भुतांवर लिहितो ते या दोन गोष्टींतली सीमा वाचकांना दिसावी म्हणून, आणि ती सीमा विदर्भातही आहे. गावात भगताने कोणाचे नाव घेतले आणि त्या घराचे पाणी तोडण्याची भाषा सुरू झाली, तर वाट पाहत बसू नये. या कायद्याखाली पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा दक्षता अधिकारी नेमलेला असतो. तक्रार त्याच्याकडे लेखी द्यावी, पोच घ्यावी, आणि ज्याचे नाव घेतले गेले त्या माणसाला त्या रात्री एकटे राहू देऊ नये.